फोटो दाखवताना, फोटो बघताना

नवा कॅमेरा किंवा बरा फोन हातात आला की पहिले दोन-तीन महिने प्रत्येक फोटोला ‘मस्त’ ऐकू येतं. आई म्हणते, ऑफिसातले म्हणतात, शेजारच्या काकू म्हणतात. ऐकून बरं वाटतं आणि वाटावंच. मग कधीतरी आपणच आपले जुने फोटो काढून बसतो आणि ध्यानात येतं, मरीन ड्राइव्हच्या जूनमधल्या फोटोत समुद्र जसा उजवीकडे कललाय तसाच तो सप्टेंबरमधल्या फोटोतही कललाय. चार महिन्यांत कुणी सांगितलंच नाही. हा लेख तिथपासून पुढचा आहे. आपला फोटो दुसऱ्यापुढे कसा ठेवायचा, त्याचं म्हणणं कसं घ्यायचं आणि कुणी आपल्यापुढे फोटो धरला तर काय बोलायचं.

मुंबईला ही सवय जुनी आहे. फोटोग्राफी जगापुढे आली १८३९ साली आणि १८५४ मध्ये इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी सुरूही झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्या सभासदांपैकी एक. पुढे १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया याच शहरात उभी राहिली. फोटो एकट्याने काढायचा आणि चौघांत बसून बघायचा, हे आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

आम्ही सात-आठ जण महिन्यातून दोनदा शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर भेटतो. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, एक शिक्षिका, दोन कॉलेजची मुलं, बाकी माझ्यासारखे नोकरी करणारे. इतक्या वर्षांत माझ्यापुरती मी एकच कसोटी ठरवलीय. बोलणं संपलं की, पुढच्या रविवारी आपण कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं, काय बदलायचं, हे फोटो काढणाऱ्याला कळलं पाहिजे. ते कळलं नाही तर तास-दोन तास गप्पा झाल्या, एवढंच. मुंबईत तर ही कसोटी लावणं सोपं, कारण वरळी कोळीवाडा काय किंवा बाणगंगा काय, लोकलच्या एका तिकिटावर आहे. हिमालयात जाऊन काढलेला फोटो पुन्हा काढता येत नाही, इथला येतो.

आधी निवड

चाळीस फोटो घेऊन येऊ नका. तीन आणा, पहिल्यांदा येणार असाल तर एकच आणला तरी चालेल. चाळीस फोटो बघणारा माणूस दहाव्यानंतर फक्त अंगठा सरकवत राहतो. शिवाय निवड हाच अर्धा अभ्यास आहे. एका सकाळचे सगळे फोटो काढल्या दिवशी बघू नका, दोन-तीन दिवस जाऊ द्या. काढताना आलेली मजा, सोबतच्या मित्राची बडबड, पहाटेचा चहा हे सगळं त्या फोटोंना चिकटलेलं असतं. ते जरा सुटलं की फोटो एकटा उरतो, आणि दुसऱ्याला तो तसाच दिसणार असतो.

एकाच दृश्याचे पाच फोटो असतील तर त्यातला एक निवडा, पण बाकीचे चार मोबाइलमध्ये राहू द्या. ‘याच्या आधीचा बघू’ असं कुणीतरी हमखास म्हणतं आणि पुष्कळदा तोच चांगला निघतो.

दाखवायचं कसं

शक्य असेल तर प्रिंट काढा. चार बाय सहाची प्रिंट पुरते आणि खर्चही फार नाही. प्रिंट सगळ्यांना एकसारखी दिसते. मोबाइलवर एकाचा ब्राइटनेस कमी, दुसऱ्याच्या स्क्रीनवर रंग भडक, त्यात कट्ट्यावर ऊन, मग प्रत्येक जण वेगळ्याच फोटोबद्दल बोलत राहतो.

इथे एक अडचण येते, ती आधीच सांगते. फोनचा फोटो साधारणपणे चारास तीन या मापात असतो आणि चार बाय सहाचा कागद तिनास दोन या मापात. लॅबवाला काही न विचारता आडव्या फोटोची वरखालची पट्टी कापून टाकतो आणि तुम्ही जपून फ्रेममध्ये घेतलेला देवळाचा कळस जातो. ‘पूर्ण फोटो हवा, पांढरी बॉर्डर राहिली तरी चालेल’ असं काउंटरवर स्पष्ट सांगा.

व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, बारीक पोत जातो आणि शटर स्पीड (पडदा किती वेळ उघडा राहिला), अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती मोठं होतं), आयएसओ (सेन्सरची उजेडासाठीची संवेदनशीलता) यांची माहितीही गळून पडते. डॉक्युमेंटमध्ये हे सगळं शाबूत राहतं. मात्र फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला तेही शाबूत राहतं. घरातला किंवा लहान मुलाचा फोटो असेल तर आधी तेवढं काढून टाका.

प्रश्न घेऊन या

‘कसा वाटला?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला ‘छान’ याशिवाय उत्तर नसतं. तुम्हाला ज्या ठिकाणी शंका आहे, तिथलाच प्रश्न विचारा. ‘मागची बोट ठेवू की कापू?’ ‘चेहऱ्यावर अंधार आहे तो बरा वाटतो का?’ ‘हा फोटो उभा घ्यायला हवा होता का?’ असा प्रश्न आला की समोरच्यालाही हुरूप येतो, कारण त्याला बोलायला धरून ठेवण्यासारखं काहीतरी मिळतं.

पण प्रश्न लगेच विचारू नका. पहिली दोन मिनिटं फोटो मध्ये ठेवायचा आणि काढणाऱ्याने गप्प बसायचं. आमच्याकडे हा एकच नियम आहे आणि नव्या माणसाला तोच सगळ्यात जड जातो. फोटो ठेवल्या ठेवल्या तोंडातून निघतंच, ‘त्या दिवशी ढग होते ना, आणि मागून गर्दी येत होती, म्हणून...’ हे ढग आणि ही गर्दी फोटोत असतील तर दिसतील. नसतील तर ती फक्त तुमच्या आठवणीत आहेत, आणि ती तिथेच आहेत हे कळणं फार मोलाचं आहे.

बघणाऱ्याचं काम

आता दुसरी बाजू. कुणी तुमच्यापुढे फोटो ठेवलाय. चांगला की वाईट हे ठरवायची घाई करू नका. तुमची नजर पहिल्यांदा कुठे गेली, मग कुठे आणि मग कुठे, तेवढं सांगा. नवख्या माणसालाही हे जमतं, कारण त्याला फोटोग्राफी यावी लागत नाही, डोळे असले की झालं.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजातली एक मुलगी पहिल्यांदा आली. वरळी कोळीवाड्यात जाळं दुरुस्त करत बसलेल्या एका आजोबांचा फोटो तिने कट्ट्यावर ठेवला. वारा होता म्हणून दोन्ही कोपरे बोटांनी दाबून धरले होते. काका वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “मला पहिल्यांदा पिंप दिसलं.”

“कुठलं पिंप?” ती म्हणाली.

आजोबांच्या उजव्या खांद्यामागे निळंशार प्लॅस्टिकचं पिंप होतं. फोटो काढताना तिला ते दिसलंच नव्हतं आणि घरी इतक्यांदा बघूनही दिसलं नव्हतं.

“मग सी लिंकच्या तारा,” काका म्हणाले. “मग त्यांची टोपी. हात शेवटी. तुला काय दाखवायचं होतं, बाळा?”

“हातच.”

काकांनी पुढे काहीच सांगितलं नाही. दोन आठवड्यांनी ती तीच जागा, तेच आजोबा घेऊन आली. दोन पावलं डावीकडे सरकून, गुडघे टेकून काढलेला फोटो. पिंप होडीच्या फळीआड गेलं होतं आणि हातांच्या मागे होडीचा काळा डांबर लावलेला भाग आला होता. त्यावर जाळ्याचा एकेक पांढरा धागा वेगळा दिसत होता, आणि आजोबांच्या अंगठ्याची फुटलेली कातडीसुद्धा.

नजर कशाकडे ओढली जाते हे थोडं माहीत असलेलं बरं. सगळ्यात उजळ जागा, सगळ्यात भडक रंग, माणसाचा चेहरा, त्यातही डोळे, आणि अक्षरं. मुंबईत अक्षरांचा त्रास फार. दुकानांच्या पाट्या, बसवरच्या जाहिराती, वाढदिवसाचे बॅनर. वाचता येतं त्याला अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय राहवत नाही. फोटोत मागे ‘येथे झेरॉक्स मिळेल’ असेल तर बघणारा आधी झेरॉक्स वाचतो, मग माणूस बघतो. पाटी हवी असेल तर जरूर घ्या, पण ठरवून घ्या.

नजरेचा रस्ता सांगून झाला की फ्रेमच्या चारही कडांवरून एकदा फिरा. कुठे अर्धा पाय कापलाय, कुठे शेजारच्या माणसाची नुसती कोपर आत आलीय, कुणाच्या डोक्यातून विजेचा खांब उगवलाय. त्यासाठी माझ्या पिशवीत कायम दोन काटकोनी पट्ट्या असतात, जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या, ‘एल’ आकारात कापलेल्या. दोन्ही प्रिंटवर ठेवून सरकवल्या की हवा तसा क्रॉप करून बघता येतो. “इथून कापला असता तर?” असं तोंडाने सांगण्यापेक्षा तेवढं झाकून दाखवलेलं बरं. काढणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पटतं किंवा पटत नाही, आणि दोन्ही चालतं.

मग जे चांगलं आहे ते सांगा, पण तेही जागा दाखवून सांगा. ‘लाइट भारी आलाय’ याचा उपयोग नाही. ‘खिडकीतून येणारा उजेड आजीच्या फक्त एका गालावर पडलाय, त्याने सुरकुत्या दिसतात’ असं ऐकलं की तो माणूस पुन्हा तशी खिडकी शोधेल. ‘कॅमेरा कुठला?’ हा प्रश्न फोटो बघून झाल्यावरच विचारा, शक्यतो विचारूच नका. स्वयंपाक चांगला झाला म्हणून कुणी कढईची चौकशी करत नाही.

आणि दोष एका वेळी एकच सांगा, फार तर दोन. हे मी चूक करून शिकले. काही वर्षांपूर्वी एका मुलाने गिरगाव चौपाटीवरच्या विसर्जनाचा फोटो आणला होता. मी एका दमात त्याला नऊ-दहा गोष्टी ऐकवल्या, सगळ्या बरोबरच होत्या. तो मान डोलवत राहिला आणि परत आला नाही. त्या फोटोत गुलालाने माखलेला एक चेहरा मूर्तीकडे शेवटचं बघत होता, आणि त्याबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं. आजही विसर्जनाच्या दिवशी मला तो चेहरा आठवतो.

‘नीट आला नाही’ म्हणजे नेमकं काय?

तांत्रिक बाजूत नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे अडकतो. फोटो पुसट आलाय एवढं सगळ्यांना दिसतं, पण तो कशाने पुसट आलाय ते सांगितलं नाही तर सुधारणार काय?

फोटो मोठा करून एखादी न हलणारी वस्तू शोधा. खांब, भिंत, पायरी, काहीही. तीही फरफटलेली असेल आणि सगळंच एकाच दिशेला फरफटलं असेल, तर हात हलला. शटर स्पीड वाढवा. जुना ठोकताळा असा की लेन्स जितक्या मिलिमीटरची, सेकंदाचा तितकावा भाग तरी हवा, म्हणजे ५० मिलिमीटरला १/५०. कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा सेन्सर छोटा, एपीएस-सी मापाचा असेल तर १/८० धरा. खांब स्पष्ट आणि माणूस पुसट, तर माणूस हलला. तिथे हात स्थिर ठेवून काही होणार नाही, चालत्या माणसाला १/२५० च्या आसपास जावं लागेल. माणूस पुसट पण त्याच्या मागची भिंत कोरल्यासारखी स्पष्ट, तर फोकस मागे गेला.

चौथं कारण मुंबईत हटकून भेटतं. शिवडीच्या खाजणातले फ्लेमिंगो. लांबून, भर दुपारी काढलेले फोटो विरघळल्यासारखे येतात आणि बिचारा काढणारा लेन्सला दोष देतो. दोष तापलेल्या चिखलावरून वर चढणाऱ्या हवेचा असतो. ती थरथरते आणि तिच्यातून बघितलेलं सगळं थरथरतं. ‘मोठी लेन्स घे’ हा सल्ला इथे पैसे बुडवणारा आहे. भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, पक्षी जवळ असतील अशी सकाळची वेळ गाठ, हा खरा सल्ला.

रंगाचंही असंच. दादरच्या फूलबाजारातल्या झेंडूच्या राशीत पाकळ्याच दिसत नाहीत, नुसता केशरी गोळा दिसतो, ही तक्रार दर दसऱ्याला येते. फोटो एकूण बरोबर उजळलेला असतो, पण त्यातला लाल रंग टोकाला जाऊन सपाट झालेला असतो. साध्या हिस्टोग्रामवर, म्हणजे फोटोतला काळोख-उजेड दाखवणाऱ्या आलेखावर, ते कळत नाही, तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम बघावा लागतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, थोडं खाली घ्या, सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवू नका, पाकळ्या परत येतात. पहाटे तिथे वर पिवळे दिवे आणि बाजूने निळसर उजेड असतो, त्यामुळे अर्धा चेहरा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या. ते चुकलंय असं समजू नका. मला स्वतःला तो मिश्र उजेडच आवडतो.

सल्ला देताना आणखी एक भेद ठेवा. क्षितिज कललंय, कडेची कोपर कापायचीय, थोडं काळोखलंय, हे घरी बसून दोन मिनिटांत सुधारतं. जळून पांढरंफेक झालेलं आकाश, हललेला हात, चुकलेला क्षण, हे घरी सुधारत नाही, त्यासाठी पुन्हा जावं लागतं. कुठला दोष कुठल्या पेटीतला, ते सांगून टाका.

फोटोतला माणूस

आमच्याकडे माणसाचा फोटो आला की कुणीतरी विचारतंच, “त्यांना विचारलं होतंस?” यात दटावणी नसते. रस्त्यावर झोपलेला मजूर, धुणं धुणारी बाई, नागडं पोर, असे फोटो नवखे लोक लांबून झूम करून काढतात, कारण मुंबईत ते सहज मिळतात. चौघांत बघताना मात्र ते फार ओशाळवाणे वाटतात. फोटोग्राफर सुधारक ओलवे यांनी महापालिकेच्या सफाई कामगारांचे फोटो काढले, ते कुठे प्रदर्शनात भेटले तर सावकाश बघा. गटारात उतरलेला माणूससुद्धा तिथे माणूस म्हणूनच समोर येतो. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

फोटोतल्या माणसाला तो फोटो दाखवता येईल का, एवढं स्वतःला विचारा. आणि जमलं तर खरंच नेऊन दाखवा. कोळीवाड्यातल्या त्या आजोबांना मुलीने प्रिंट दिली तेव्हा त्यांनी पहिली चूक हीच काढली की जाळ्याची सुई दिसत नाही. फोटोवरचा इतका नेमका अभिप्राय आमच्यापैकी कुणी दिला नव्हता.

ऐकून घेतल्यावर

वहीत लिहून घ्या. मनात ठेवलं तर लागलेलं तेवढं लक्षात राहतं आणि कामाचं विसरतं. उत्तर देऊ नका, ‘हो, पण...’ तर नकोच. समजलं नाही तर जरूर विचारा, ‘म्हणजे मी खाली बसायला हवं होतं का?’

दोघं उलटसुलट सांगतील. एक म्हणेल डावीकडची बोट काप, दुसरी म्हणेल बोट पूर्ण घ्यायला हवी होती. गोंधळू नका. दोघांचंही बोट एकाच जागेवर पडलंय, म्हणजे त्या जागी काहीतरी बिघडलंय हे नक्की. उपाय कुठला, ते तुम्ही ठरवा. सगळे जण ज्याला हात लावतात पण तुम्हाला मनापासून ठेवायचंय, असंही काही असतं. ठेवा. महिन्याभराने पुन्हा बघा.

स्पर्धेत फोटो नाकारला गेला तर त्याला अभिप्राय समजू नका. परीक्षकांपुढे शेकडो फोटो असतात आणि एकेकाच्या वाट्याला थोडेच क्षण येतात. का नाकारला, हे तिथे कळत नाही.

आणि बोलायला कुणी सोबत नसेल तर डोळ्यांचा सराव एकट्यानेही होतो. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीत तिकीट नाही. वरच्या टेरेस गॅलरीत बऱ्याचदा फोटोंची प्रदर्शनं असतात. नरिमन पॉइंटला एनसीपीए या कलाकेंद्रात खास फोटोंसाठीची दिलीप पिरामल आर्ट गॅलरी आहे. सगळं प्रदर्शन बघू नका, एका फोटोपुढे दहा मिनिटं उभं राहा आणि नजर कुठून कुठे गेली ते वहीत लिहा. फोटोग्राफर तिथे असला तर बोला, बहुतेकांना ते आवडतं.

पुन्हा जाऊन तोच फोटो काढलात की जुनी आणि नवी प्रिंट शेजारी शेजारी घेऊन या. मागे तारीख, वेळ आणि काय बदललं ते लिहून ठेवा, पण पेन्सिलीने किंवा मऊ टोकाच्या मार्करने. बॉलपेनने दाबून लिहिलं की अक्षरं पुढच्या बाजूला उमटतात, आणि उजेडात धरल्यावर आजोबांच्या हातांवरच तारीख दिसते.